लिनक्स, विंडोज, मॅक, तिन्हीला एकच रॅपर : सिस्टिम कॉल गुंडाळायचे कसे, पायरीपायरीनं

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये डोकावून बघा, ऑफिसात बिलं काढायला विंडोजचा पीसी, आत वजनकाट्याला जोडलेला छोटा लिनक्स बोर्ड, आणि मालकांचा मुलगा पुण्याहून शिकून आलेला असला तर त्याच्याकडं मॅक. एका छताखाली तीन ऑपरेटिंग सिस्टिम. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मी अशाच लोकांना सॉफ्टवेअर लिहून देतो, काट्यावरचं वजन वाचायचं, फाइलीत साठवायचं, संध्याकाळी रिपोर्ट काढायचा. काम एवढंच, पण तिन्हीकडं चालायला पाहिजे. सुरुवातीला जिथं अडलं तिथं इफडेफ (या सिस्टिमवर हा कोड, त्या सिस्टिमवर तो, अशी फाटाफूट) टाकत गेलो आणि वजनाचा हिशोब करणाऱ्या फाइलीतसुद्धा विंडोजचे कॉल शिरले, मग सगळं उपसून काढलं आणि सी भाषेत एक लहान लायब्ररी केली जी ऑपरेटिंग सिस्टिमशी बोलते, आणि बाकीचा प्रोग्राम फक्त तिच्याशी बोलतो. सिस्टिमकडं काम मागायच्या हाकेला सिस्टिम कॉल म्हणतात, आणि त्या हाका पोटात घेणारी ही लायब्ररी म्हणजेच रॅपर. ती करताना कळलेल्या गोष्टी इथं क्रमानं लिहितोय, सी येतं आणि थोडंफार लिनक्स ठाऊक आहे असं धरून.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. ज्याची जमीन सीमेच्या दोन्हीकडं आहे त्याला विचारा, इकडं कर्नाटकात पहाणी मिळते आणि तिकडं महाराष्ट्रात सातबारा, इकडं एकर-गुंठे आणि तिकडं हेक्टर-आर, रकाने एकाला एक जुळत नाहीत. दोन्ही उतारे समोर ठेवून रकान्याला रकाना लावत बसलं तर डोकं फिरतं. शहाणा माणूस उलटं करतो, मला काय पाहिजे ते आधी ठरवतो (नाव कुणाचं, क्षेत्र किती, बोजा आहे की नाही) आणि मग प्रत्येक उताऱ्यातून तेवढं काढून घेतो. रॅपरचं तसंच आहे. लिनक्सच्या कॉलला विंडोजचा कॉल जोडायचा नाही, आपल्या प्रोग्रामला काय हमी पाहिजे ती आधी आपल्या शब्दांत लिहायची आणि मग प्रत्येक सिस्टिमवर ती हमी पाळायची. मी याला करार म्हणतो.

पायरी १ : यादी काढा, आणि ती छोटी ठेवा

वही घ्या आणि प्रोग्राम सिस्टिमकडं नेमकं काय काय मागतो ते लिहा. माझी यादी आठ ओळींची झाली : फाइल उघडणं, वाचणं, लिहिणं, डिस्कवर पक्कं करणं, जुन्या फाइलीच्या जागी नवी ठेवणं, वेळ बघणं, थांबणं आणि सिरियल पोर्ट. पुढंमागं लागेल म्हणून फोर्क (चालू प्रोग्रामची दुसरी प्रत काढणं), सिग्नल, मेमरी मॅप असलं काही घालू नका. फोर्क तर विंडोजच्या नेहमीच्या एपीआयमध्ये नाहीच, सिगविननं (लिनक्ससारखं वातावरण विंडोजवर देणारी सोय) तो तिथं उभा करून दाखवला पण त्यासाठी केवढा खटाटोप केलाय ते त्यांचा सोर्स बघितलात तर कळेल. तुम्हाला "नवीन प्रोग्राम चालू कर" एवढंच पाहिजे असेल तर करारात तेवढंच लिहा, ते दोन्हीकडं सरळ होतं.

तयार लायब्ररी का नको हा प्रश्न येणारच आणि तो बरोबरच आहे. नेटवर्क सर्व्हर लिहायचा असेल तर लिबयूव्ही घ्या, नोडजेएससाठी झालेली आहे, दणकट आहे. मला सिरियल पोर्ट पाहिजे होता आणि मध्येच लाइट गेली तरी फाइल शाबूत राहायला पाहिजे होती, म्हणून स्वतःचं केलं. एस्क्यूलाइट या डेटाबेसचा व्हीएफएस नावाचा थर मात्र नक्की वाचा, फाइलीसाठी अख्ख्या डेटाबेसला काय काय लागतं ते मोजक्या स्ट्रक्चरमध्ये किती थोडक्यात बसवलंय ते बघण्यासारखं आहे.

यादी झाली की प्रत्येक ओळीखाली करार लिहा, कोड नाही, साध्या मराठीत. वाचण्याचा माझा करार असा : "आकडा शून्यापेक्षा मोठा म्हणजे तेवढे बाइट आले, शून्य म्हणजे फाइल संपली, एरर आली तर ती वेगळ्या जागेत येईल, सिग्नल आला म्हणून हा कॉल कधीच अर्धवट परत येणार नाही." हे हेडर फाइलीत कॉमेंट म्हणून जातं आणि पुढं टेस्ट यावरूनच लिहायच्या असतात.

पायरी २ : फाइलींची मांडणी

एक हेडर, त्यात फक्त आपली फंक्शनं आणि आपले टाइप. विंडोजचं मोठं हेडर यात चुकूनही घ्यायचं नाही, कारण ते मिन आणि मॅक्स नावाचे मॅक्रो सगळीकडं पसरवतं आणि मग भलत्याच फाइलीत कंपायलर ओरडतो. हेडरच्या मागं दोन सी फाइली, एक पॉझिक्सची (लिनक्स-मॅकसारख्या सिस्टिमचं सामाईक मानक) आणि एक विंडोजची, कुठली कंपाइल करायची ते बिल्ड ठरवेल. लिनक्स आणि मॅक पॉझिक्सच्या फाइलीत एकत्र राहतात, जिथं वेगळे पडतात तिथं आत दोन-तीन इफडेफ चालतात. लायब्ररीच्या बाहेर, प्रोग्रामच्या कोडमध्ये, एकही इफडेफ नको, हा नियम मी कडक पाळतो.

आकड्यांचे टाइपही इथंच ठरवून टाका. ६४ बिट लिनक्स आणि मॅकवर लाँग ६४ बिटचा असतो, ६४ बिट विंडोजवर तो ३२ बिटचाच असतो, म्हणून लाँग हा शब्दच हेडरमधून हद्दपार करा आणि फाइलीतली जागा, आकार, वेळ सगळं थेट ६४ बिटच्या ठरलेल्या टाइपमध्ये घ्या. ३२ बिटचा लिनक्स बोर्ड असेल तर फाइल ऑफसेट ६४ बिटचा करणारा मॅक्रो बिल्डमध्येच टाका, नाहीतर २ जीबीवर फाइल अडते. आणि त्याच बोर्डवर वेळेचा टाइप ३२ बिटचा राहिला तर १९ जानेवारी २०३८ ला तो भरतो, आपण लावलेली मशीनं तोपर्यंत चालतातच इकडं, लेथ बघा की किती वर्षांचे आहेत.

पायरी ३ : हँडल

पॉझिक्समध्ये उघडलेली फाइल म्हणजे एक छोटा पूर्णांक, त्याला डिस्क्रिप्टर म्हणतात, विंडोजमध्ये हँडल म्हणजे पॉइंटरएवढी किंमत. दोन्ही आपल्या एका स्ट्रक्चरमध्ये लपवा. इथं दोन खड्डे आहेत.

पहिला, शून्य. पॉझिक्समध्ये ० हा वैध डिस्क्रिप्टर आहे, स्टँडर्ड इनपुट. तुम्ही स्ट्रक्चर शून्यानं भरून ठेवलं, फाइल उघडायच्या आधीच कुठंतरी एरर आली आणि साफसफाईच्या कोडनं ते बंद केलं, की स्टँडर्ड इनपुट बंद झालं. मग पुढं जी फाइल उघडाल तिला ० मिळतो आणि कीबोर्डवरून वाचणारा कोड तुमची वजनाची फाइल वाचायला लागतो. यावर उपाय म्हणजे आत डिस्क्रिप्टर अधिक एक साठवा, म्हणजे शून्यानं भरलेलं स्ट्रक्चर आपोआप "उघडलेलं नाही" असं होतं.

दुसरा खड्डा विंडोजचा. क्रिएटफाइल फसलं तर इनव्हॅलिड हँडल व्हॅल्यू म्हणजे उणे एक परत देतं, पण क्रिएटइव्हेंट, क्रिएटथ्रेड, क्रिएटफाइलमॅपिंग फसले तर नल देतात. एकच तपासणी सगळ्यांना लावली की अर्ध्या चुका निसटतात. प्रत्येक कॉलची तपासणी त्याच्याच शेजारी लिहा, कॉमन मॅक्रो करू नका.

पायरी ४ : एरर, इथं वेळ द्या

बहुतेक रॅपर इथंच बिघडतात. एकतर सगळ्या एरर "झालं नाही" या एका शब्दात कोंबतात, नाहीतर सिस्टिमचा नंबर जसाच्या तसा वर पाठवतात. दुसरं का चालत नाही त्याचं उदाहरण देतो. लिनक्सवर (पीसी आणि एआरएम दोन्हीकडं) एररनंबर ११ म्हणजे ई-अगेन, आत्ता डेटा नाही परत विचार, आणि ३५ म्हणजे ई-डेडलॉक. मॅकवर बरोबर उलटं, ३५ म्हणजे ई-अगेन आणि ११ म्हणजे ई-डेडलॉक. लॉगमध्ये नुसतं "एरर ११" असेल आणि ते कुठल्या मशीनवरचं हे ठाऊक नसेल तर तुम्ही भलत्याच गावात चोर शोधत बसणार.

म्हणून एररचं स्ट्रक्चर तीन खणांचं करा. पहिल्यात आपला प्रकार, हा प्रोग्रामला निर्णय घ्यायला लागतो. दुसऱ्यात सिस्टिमचा मूळ नंबर, हा आपल्याला रात्री फोन आला की लागतो. तिसऱ्यात कुठला कॉल फसला त्याचं नाव. प्रकार मी मोजके ठेवलेत : सापडलं नाही, परवानगी नाही, आधीच आहे, दुसऱ्यानं धरून ठेवलंय, जागा संपली, वेळ संपली, उपकरण गेलं, आणि इतर. एखादा नवीन प्रकार तेव्हाच वाढवा जेव्हा वरचा कोड त्याच्यासाठी काहीतरी वेगळं करणार असेल. फाइल नाही (२) आणि रस्ता नाही (३) असे विंडोजचे दोन वेगळे कोड आहेत, माझ्या प्रोग्रामला दोन्ही सारखेच म्हणून दोन्ही "सापडलं नाही" मध्ये जातात, मूळ नंबर शेजारी आहेच.

नंबर उचलायचा तो लगेच उचला. कॉल फसला, मग तुम्ही लॉगची ओळ छापली, मग एररनंबर वाचला, तर तो नंबर लॉग छापणाऱ्या कॉलचा असू शकतो. विंडोजच्या गेटलास्टएररचं तसंच. कॉल, तपासणी, नंबर खिशात, मग बाकीचं.

पायरी ५ : वाचणं आणि लिहिणं

पॉझिक्सच्या राइटला तुम्ही १०,००० बाइट दिले आणि त्यानं ४,०९६ घेतल्याचं सांगितलं तर ती एरर नाही, उरलेले तुम्ही परत द्यायचे. पाइप आणि सॉकेटवर हे होतं, आणि डिस्क भरत आली की साध्या फाइलीवरही होतं, आधी थोडं घेतो आणि पुढच्या वेळी जागा नाही म्हणतो. म्हणून रॅपरमध्ये "सगळं लिही" असं फंक्शन हवं जे लूपमध्ये उरलेलं पुढं ढकलत राहतं, आणि मध्येच फसलं तर एररबरोबर किती लिहून झालं होतं तो आकडाही देतं.

ई-इंटर म्हणजे सिग्नल आला म्हणून कॉल मध्येच सुटला. वाचणं-लिहिणं यात तो आला की परत तोच कॉल करायचा, करारात आपण तसं लिहिलंय. पण हे आंधळेपणानं सगळ्या कॉलना लावू नका, पुढच्या पायरीत बंद करण्याचं वेगळं आहे. वेळमर्यादेच्या कॉलमध्येही ई-इंटर आला की उरलेला वेळ परत मोजून मग थांबा, नाहीतर दर सिग्नलला ठरलेली मुदत नव्यानं सुरू होते आणि कॉल परत येतच नाही.

एका कॉलमध्ये किती बाइट द्यायचे यालाही मर्यादा आहे आणि ती प्रत्येकाची वेगळी. लिनक्स एका वेळी जास्तीत जास्त २,१४७,४७९,५५२ बाइट घेतो, जास्त दिले तर तेवढेच घेऊन तसं सांगतो. मॅक त्याच ठिकाणी चुकीचा आर्ग्युमेंट म्हणून एरर देतो. विंडोजच्या रीडफाइल-राइटफाइलला आकार ३२ बिटमध्येच जातो, म्हणजे ६४ बिटचा आकडा दिलात तर वरचे बिट गुपचूप कापले जातात. मी तिन्हीकडं एका कॉलला १ जीबीची कमाल ठेवली आणि लूप आहेच, विषय संपला.

विंडोजवर सी लायब्ररीचं ओपन किंवा एफओपन वापरू नका, थेट क्रिएटफाइलवर जा. सी लायब्ररी टेक्स्ट मोडमध्ये ओळीच्या शेवटाला एक बाइट वाढवते आणि वाचताना ०x१ए हा बाइट दिसला की फाइल संपली समजते, वजनाच्या बायनरी नोंदीत तो बाइट कधी ना कधी येणारच. अजून एक, विंडोजवर पाइपचं दुसरं टोक बंद झालं की रीडफाइल शून्य देत नाही, १०९ नंबरची तुटलेला पाइप ही एरर देतं. आपल्या करारात "संपलं म्हणजे शून्य" असं आहे, म्हणून १०९ आला की रॅपरनं शून्य द्यायचं.

पायरी ६ : बंद करणं, आणि पोरांना वारसा न देणं

लिनक्सवर क्लोजनं ई-इंटर दिला तरी डिस्क्रिप्टर सुटलेला असतो. परत क्लोज केलात तर मधल्या काळात दुसऱ्या थ्रेडनं तोच नंबर घेऊन उघडलेली त्याची फाइल तुम्ही बंद करता. असा बग महिन्यातून एकदा दिसतो आणि सापडता सापडत नाही. क्लोज एकदाच, लूप नाही. एरर आली तर वर सांगा, पण हँडल मेलं असंच धरा.

दुसरं, तुमच्या प्रोग्राममधून दुसरा प्रोग्राम चालू केला की पॉझिक्समध्ये उघड्या फाइली त्याच्याकडं वारशानं जातात, विंडोजमध्ये आपण मुद्दाम सांगितल्याशिवाय जात नाहीत. विंडोजचं धोरण चांगलं आहे, तेच करारात घ्या. पॉझिक्सवर उघडतानाच क्लोज-ऑन-एक्झेकचा (दुसरा प्रोग्राम सुरू होताना ही फाइल बंद कर) फ्लॅग द्या, आधी उघडून मग एफसीएनटीएलनं (उघड्या फाइलीचे गुण बदलणारा कॉल) लावला तर मधल्या क्षणात दुसरा थ्रेड फोर्क करू शकतो. पाइपसाठी लिनक्सवर पाइप२ आहे, मॅकवर तो नाही, तिथं पाइप करून मग फ्लॅग लावावा लागतो आणि ती फट राहते. फोर्कभोवती आपलंच एक लॉक ठेवून मी ती बुजवली.

पायरी ७ : फाइलींची नावं, आपला खास विषय

यावर इंग्रजी लेख भरपूर आहेत पण आपल्या लिपीत फाइलींना नावं देणाऱ्यांचे हाल त्यात सापडत नाहीत. इकडं तर एकाच फोल्डरमध्ये मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशी तिन्ही नावं असतात.

करार : आपल्या लायब्ररीत नाव नेहमी यूटीएफ-८ (युनिकोडची चिन्हं बाइटमध्ये लिहायची एक पद्धत). पॉझिक्सवर ते तसंच पुढं जातं. विंडोजवर ते यूटीएफ-१६ करून क्रिएटफाइलच्या शेवटी डब्ल्यू असलेल्या आवृत्तीला द्यायचं. शेवटी ए असलेली आवृत्ती सिस्टिमच्या ॲन्सी कोडपेजमधून (भाषेनुसार ठरलेला जुना अक्षरतक्ता) जाते, आणि देवनागरीला काय कन्नडला काय, अशी ॲन्सी कोडपेज नाहीच, म्हणून नावात नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रामबरोबर जाणारी माहितीची फाइल) यूटीएफ-८ मागता येतं, पण गिऱ्हाइकाकडं अजून विंडोज ७ चा पीसी काट्याला जोडलेला असतो, डब्ल्यूच धरा.

आता लांबी. लिनक्सच्या ईएक्सटी४ वर एका नावाला २५५ बाइट, विंडोजच्या एनटीएफएसवर २५५ यूटीएफ-१६ एकक. इंग्रजीत दोन्ही सारखंच वाटतं. पण देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं आणि काना, वेलांटी, मात्रा, हलंत, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. "बेळगाव" म्हणजे सहा चिन्हं, १८ बाइट. म्हणजे लिनक्सवर आपल्या नावाला फक्त ८५ चिन्हं. विंडोजवर कुणीतरी "चिकोडी तालुका ऊस वजन नोंद" करत करत शंभर-सव्वाशे चिन्हांचं नाव दिलं तर ते तिथं आनंदानं चालतं आणि लिनक्स बोर्डवर कॉपी करताना अडतं. मी करारातच ८५ ची मर्यादा घातली आणि तिन्हीकडं तीच तपासतो, पेनड्राइव्ह हातात धरून गिऱ्हाईक उभं असताना कळण्यापेक्षा नाव देतानाच कळलेलं बरं.

याहून वाईट एक आहे, त्यात माझे दोन दिवस गेले. "शेतकऱ्यांची यादी" नावाची फाइल, स्क्रीनवर डोळ्यांना दिसतेय, प्रोग्राम म्हणतो सापडलं नाही. ते ऱ्य आहे ना, त्यातला ऱ युनिकोडमध्ये एकच चिन्ह म्हणूनही लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता (खालचं टिंब) असा दोन चिन्हांतही, आणि युनिकोडच्या नियमानं दोन्ही सारखेच. जुन्या मॅकची एचएफएस प्लस फाइलसिस्टिम नावं फोडूनच साठवते, तुम्ही एक चिन्ह दिलं तरी परत वाचताना दोन येतात, ४६ बाइटचं नाव ४९ बाइटचं होतं. नवीन एपीएफएस तुम्ही दिलेलं रूप ठेवते आणि दोन्ही रूपांनी शोधलं तरी सापडवते. लिनक्स मात्र बाइटला बाइट बघतो, मॅकवरनं आलेली फाइल त्याला वेगळीच. आणि वर काही कीबोर्ड ऱ्य टाइप करताना ऱ न घेता र, हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह घालतात, ते तर युनिकोडच्या नॉर्मलायझेशननंही (सारखी चिन्हं एका रूपात आणण्याचे नियम) जुळत नाही. शेतकऱ्यांची, कर्मचाऱ्यांची, दऱ्यांची असल्या शब्दांशिवाय आपलं पान हलत नाही, म्हणून हे टाळता येत नाही.

माझा उपाय असा. आपण नवीन नाव तयार करतो तेव्हा ते एनएफसी रूपात (युनिकोडचं जोडलेलं रूप, ऱ एकच चिन्ह) आणायचं आणि ते जोडचिन्हवालं रूप ऱ् मध्ये बदलायचं. पण फोल्डर वाचून मिळालेलं नाव जसं मिळालं तसंच, बाइटला धक्का न लावता, उघडायला द्यायचं. त्याला "सुधारलं" की फाइल सापडायची बंद होते. तुलना करायची वेळ आली तर दोन्हींची प्रत काढून ती सारख्या रूपात आणून तुलना करा, मूळ नाव राखून ठेवा.

नावात वेळ घालायची सवय असेल तर अपूर्णविराम टाळा. एनटीएफएसवर "नोंद-१०:३०" असं नाव दिलं तर एरर न येता "नोंद-१०" नावाची शून्य आकाराची फाइल दिसते आणि डेटा तिच्या आत दुसऱ्या प्रवाहात लपतो. रॅपरनं असं नाव तिन्हीकडं नाकारावं.

पायरी ८ : डिस्कवर पक्कं करणं

पावसाळ्यात एका फाउंड्रीत लाइट गेली, परत आली, आणि दिवसभराच्या वजनांची फाइल शून्य बाइटची. तिथले वजन घेणारे मामा एवढंच म्हणाले, "मी तर सेव्ह दाबलो होतो की हो." त्यांचं काही चुकलं नव्हतं. राइट यशस्वी झाला म्हणजे डेटा कर्नलच्या मेमरीत पोचला, डिस्कवर नाही.

पक्का क्रम असा : त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावानं नवी फाइल करा (दुसऱ्या ड्राइव्हवर केलीत तर नाव बदलणं जमत नाही), सगळं लिहा, सिंक करा, बंद करा, मग जुन्या नावावर रिनेम करा, आणि लिनक्सवर शेवटी त्या फोल्डरलाही सिंक करा कारण नावाची नोंद फोल्डरमध्ये असते. यात लाइट कधीही गेली तरी एकतर जुनी फाइल पूर्ण असते नाहीतर नवी पूर्ण.

सिंक म्हणजे लिनक्सवर एफसिंक. मॅकवर एफसिंक डेटा ड्राइव्हपर्यंत नेतो पण ड्राइव्हच्या स्वतःच्या कॅशमधून खाली उतरवत नाही, त्यासाठी एफसीएनटीएलमध्ये एफ-फुलएफसिंक द्यावं लागतं, आणि एखाद्या फाइलसिस्टिमला ते येत नसेल तर साध्या एफसिंकवर यायचं. विंडोजवर फ्लशफाइलबफर्स.

सिंक फसला तर परत सिंक करून बघू नका. लिनक्सवर पहिल्या अपयशानंतर कर्नल ती पानं स्वच्छ झाली असं धरू शकतो, मग दुसरा सिंक यशस्वी म्हणतो आणि डेटा गेलेलाच असतो. २०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या लोकांना हे लक्षात आलं तेव्हा त्यांनी सिंक फसला की सर्व्हर पाडून लॉगमधून परत उभारायचा असा बदल केला. आपण तात्पुरती फाइल टाकून देऊन मेमरीतल्या डेटावरनं पहिल्यापासून लिहायचं.

रिनेमला विंडोजवर मूव्हफाइलएक्स, जुनी असेल तर बदल असा फ्लॅग देऊन. सी लायब्ररीचा रिनेम तिथं जुनी फाइल असली की फसतो. आणि अँटिव्हायरसनं किंवा एक्सेलनं फाइल धरलेली असली तर ३२ किंवा ५ नंबरची एरर येते, अँटिव्हायरसचं धरणं क्षणभराचं असतं, म्हणून मी थोडं थोडं थांबून दहा वेळा प्रयत्न करतो आणि मग "दुसऱ्यानं धरून ठेवलंय" हा प्रकार वर देतो, म्हणजे स्क्रीनवर "एक्सेल बंद करा" असं सांगता येतं. आपण स्वतः फाइल उघडताना वाचणं, लिहिणं, काढणं या तिन्हीच्या शेअरिंगला परवानगी द्या.

पायरी ९ : वेळ

दोन वेगळी फंक्शनं, भिंतीवरचं घड्याळ आणि पुढंच जाणारं घड्याळ. नोंदीवर तारीख टाकायला पहिलं, किती वेळ गेला ते मोजायला दुसरं, यांची अदलाबदल कधीच नाही. जुन्या पीसीचा सेल गेलेला असतो, सकाळी चालू केला की तारीख काही वर्षं मागची, मग इंटरनेट मिळालं की उडी मारून आजची, त्या उडीच्या वेळी पहिल्या घड्याळानं मोजत असाल तर वेळमर्यादा कधी लगेच संपते तर कधी संपतच नाही.

विंडोजवर दुसऱ्या घड्याळासाठी क्वेरीपरफॉर्मन्सकाउंटर. त्याचा आकडा नॅनोसेकंदात आणायला आधी १ अब्जानं गुणून मग फ्रिक्वेन्सीनं भागलं तर काय होतं बघा, विंडोज १० वर फ्रिक्वेन्सी बहुतेक वेळा १ कोटी असते, म्हणजे मशीन चालू झाल्यावर साधारण १५ मिनिटं २२ सेकंदांत ६४ बिटचा गुणाकार ओसंडतो. आधी पूर्ण सेकंद भागून काढा, मग फक्त बाकीला गुणा. पहिल्या घड्याळाला विंडोज १ जानेवारी १६०१ पासून १०० नॅनोसेकंदांच्या टप्प्यांत मोजतो, १९७० वर यायला ११,६४४,४७३,६०० सेकंद वजा करा.

थांबण्याच्या करारात "कमीत कमी इतकं" एवढंच लिहा. विंडोजवर १ मिलिसेकंद मागितला तरी नेहमीच्या सेटिंगला पंधरा-सोळा लागू शकतात.

पायरी १० : सिरियल पोर्ट

वजनकाटा आरएस-२३२ वरून ओळी पाठवत राहतो, बहुतेकांची ओळ कॅरेज रिटर्ननं संपते. पॉझिक्सवर पोर्ट रॉ मोडमध्ये टाकला नाही तर टर्मिनलची जुनी वागणूक मध्ये येते, कॅरेज रिटर्न बदलून न्यूलाइन होतो, आणि ०x११, ०x१३ हे बाइट फ्लो कंट्रोल म्हणून गिळले जाऊ शकतात. मॅकवर टीटीवायनं सुरू होणारं नाव न घेता सीयूनं सुरू होणारं घ्या, नाहीतर उघडतानाच कॅरिअरची वाट बघत बसतो. विंडोजवर कॉम१० पासून पुढच्या पोर्टला नावाआधी उलट्या तिरक्या रेघा आणि टिंब असलेला उपसर्ग लागतो, तो सगळ्याच पोर्टना लावा, कॉम१ लाही चालतो.

माझा करार : "एक तरी बाइट असेल तर आहे तेवढं लगेच दे, काहीच नसेल तर इतके मिलिसेकंद वाट बघ, मग वेळ संपली म्हण." पॉझिक्सवर पोल करून (डेटा आलाय का ते ठरलेल्या वेळेपर्यंत बघून) मग रीड. विंडोजवर कॉमटाइमआउट्समध्ये नेमकी याच वागणुकीची जागा आहे : रीड इंटरव्हल आणि रीड टोटल मल्टिप्लायर दोन्ही कमाल किमतीला, आणि कॉन्स्टंटमध्ये आपले मिलिसेकंद. तिथं रीडफाइल यशस्वी होऊन शून्य बाइट देतं, त्याला "फाइल संपली" समजू नका, ती "वेळ संपली" आहे. यूएसबी केबल निघाली तर लिनक्सवर रीड शून्य देतो किंवा ई-आयओ ही एरर, दोन्ही "उपकरण गेलं" मध्ये घाला, आणि वरचा कोड हँडल बंद करून दर दोन सेकंदांनी परत उघडून बघेल. केबल दिवसातून चारदा कुणीतरी ओढणारच, शॉप फ्लोअर आहे.

पायरी ११ : टेस्ट

सगळ्या टेस्ट हेडरमधल्या करारावरून, प्रत्येक वाक्याला एक टेस्ट, आणि त्याच टेस्ट तिन्ही सिस्टिमवर. माझ्याकडं मॅक नाही, गिटहबच्या मॅक रनरवर (टेस्ट चालवायला ते देतात त्या मॅक मशीनवर) चालवतो.

पण खऱ्या सिस्टिमवर अर्धवट राइट किंवा ई-इंटर मागून मिळत नाही. म्हणून रॅपरच्या आत मूळ कॉल फंक्शन पॉइंटरमधून करा आणि टेस्टमध्ये त्या जागी खोडकर फंक्शन बसवा, एक दर वेळी एकच बाइट घेणारं, एक दर तिसऱ्या वेळी ई-इंटर देणारं, एक शंभराव्या बाइटला डिस्क भरली म्हणणारं. लिनक्सवर तर एस-ट्रेसच्या (सिस्टिम कॉलवर नजर ठेवणारं साधन) इंजेक्ट ऑप्शननं कोडला हात न लावता हव्या त्या कॉलला हवी ती एरर देता येते, मी ते क्लोजवर लावून बघितलं तेव्हा माझा स्वतःचाच जुना लूप सापडला.

शेवटी एक टेस्ट हातानं. बोर्डवर नोंदी लिहिणं चालू ठेवा आणि मेन स्विच पाडा. परत चालू करून फाइल उघडा, मोजा. वीस-पंचवीस वेळा केल्यावर एकदाही अर्धी फाइल मिळाली नाही तर ते सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाकडं न्या.